बातमीखाली नंबर छापा

‘कर्जाला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या.’ धाराशिव जिल्ह्यात हा मथळा वाचून आता कुणी दचकत नाही. त्याआधीचे महिने, उडालेली झोप, घरात बंद झालेलं बोलणं, हे बातमीत येतच नाही. पद्धतीचं वर्णन टाळा, मथळा भडक नको, असं प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच सांगितलंय. २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू आहे, मराठीतही. बातमीखाली तो छापायला एक ओळ पुरते. ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या उरुसात, तुळजापूरच्या नवरात्रातही भोंग्यावरून सांगा. ‘बाहेरची बाधा’ म्हणून माणसं रुग्णाला आधी तिथंच आणतात; त्यांना हिणवून काय मिळणार? जुम्म्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनीही तो वाचून दाखवावा.