चपला काढायच्या की नाहीत?

सर्वधर्मसमभाव हा विषय आपल्या वक्तृत्वस्पर्धेत दरवर्षी असतो. मीही त्यावर दोनदा बोललो आहे. एकदा तर उत्तेजनार्थ बक्षीसही घेतले आहे. पण खरे सांगायचे तर गेल्या डिसेंबरपर्यंत मी एकाही चर्चच्या दारातून आत पाऊल टाकले नव्हते. वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांची हीच गत असावी. म्हणून हा लेखनप्रपंच.

वर्गातला माझा एक मित्र नगर जिल्ह्यातला, चार पिढ्यांचा ख्रिस्ती. नाताळच्या आधीच्या एका शनिवारी त्याने सहज विचारले, "उद्या येतोस का उपासनेला?" मी हो म्हणालो आणि रात्रभर नसत्या शंकांनी हैराण झालो. कपडे कोणते घालायचे? हातात काही न्यायचे का? आत गेल्यावर नमस्कार कुणाला करायचा? आईने तर एकच प्रश्न विचारला, "परत येशील ना तसाच?"

पहिली फजिती दारातच झाली. सवयीप्रमाणे मी चपला काढल्या आणि पाहतो तो काय, सगळी मंडळी बूट-चपलांसह खुशाल आत चाललेली! मित्र म्हणाला, "घाल रे, फरशी गार असते." देवापुढे चपला घालून जायचे, ही गोष्ट पायांना पटेना. अखेर घातल्या, पण तासभर पाय बाकाखाली लपवून बसलो.

हे चर्च मूळ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन आणि इतर काही प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. तेव्हापासून ते त्यात आहे. पण उपासनेची घडी बरीचशी जुनीच. माझी कल्पना अशी होती की, आत टोपीवाले साहेब आणि मडमा असतील. प्रत्यक्षात माझ्या पुढच्या बाकावर नऊवारीतल्या एक आजी होत्या आणि कोपऱ्यात पेटी-तबला मांडलेला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने त्या पेटीवर सुरू झाली, तेव्हा माझे पाय बाकाखालून थोडे बाहेर आले!

नवख्याला माझा पहिला सल्ला असा, की मानाने पुढे बसवले तरी पुढे बसू नये. मागे बसावे, म्हणजे इतरांचे पाहून उठता-बसता येते. जुना सोपा नियम असा आहे: गाताना उभे राहायचे, ऐकताना बसायचे, प्रार्थनेला गुडघे टेकायचे. मात्र शुभवर्तमानाचे वाचन उभे राहूनच ऐकतात, तिथे माझा नियम फसला. एन.सी.सी.च्या परेडमध्ये नवा कॅडेट जसा दरवेळी अर्धे पाऊल मागे असतो, तसा मी सबंध उपासनाभर होतो. कुणी हसले नाही. गुडघे टेकायला जमत नसेल तर नुसते मान लववून बसले तरी चालते. आजीही तशाच बसल्या होत्या.

हातात पुस्तक देतात, आणि हीच या परंपरेची खरी गंमत आहे. पाळकसाहेबांनी काय म्हणायचे आणि लोकांनी उत्तरादाखल काय म्हणायचे, सारे छापलेले. १५४९ साली आर्चबिशप क्रॅन्मर यांच्या पुढाकाराने इंग्लंडात असे पहिले प्रार्थनापुस्तक निघाले. तोवर उपासना लॅटिनमध्ये होई आणि सामान्य माणूस नुसता ऐकत असे. पुढे राज्य बदलले आणि १५५६ साली क्रॅन्मर यांना ऑक्सफर्ड येथे जिवंत जाळण्यात आले. आज चालणारी मूळ प्रत १६६२ सालची. आपल्या ज्ञानोबांनी गीता मराठीत आणली ती १२९० साली, हे मला पुस्तक चाळताना आठवल्यावाचून राहिले नाही. देवाशी आपल्या भाषेत बोलण्याची ओढ सगळीकडे सारखीच दिसते आणि तिची किंमतही कुणाला ना कुणाला मोजावी लागलेली दिसते.

त्या दिवशी वेदीवरचे वस्त्र जांभळे होते. नाताळच्या आधीचे चार रविवार तयारीचे, म्हणून जांभळे, सणाला पांढरे, एरवी बहुतेक वर्षभर हिरवे. प्रवचन मात्र मला लांबल्यासारखे वाटले. कीर्तनाची सवय असलेल्या कानांना मध्येच टाळ वाजावेसे वाटतात, त्याला काय करणार? त्यानंतर एका ठरलेल्या लग्नाची जाहीर सूचना झाली. कुणाची हरकत असल्यास कळवावी, म्हणे! बाकांवरच्या तरुण मंडळींत खुसखुस झाली. मग सर्वांनी एकमेकांना शांती चिंतिली. आजी मागे वळल्या आणि मला हात जोडून "शांती" म्हणाल्या. दानाची थैली फिरली, तीत मी दहा रुपये टाकले. न टाकणाऱ्याकडेही कुणी पाहत नव्हते.

आणि मग ते घडले. प्रभुभोजनासाठी एकेक बाक उठून वेदीकडे निघाला. मित्रही उठला. मी एकटा कसा बसू, म्हणून मीही रांगेत लागलो. कठड्याशी गुडघे टेकले आणि तीर्थासाठी करतो तसा उजवा हात पुढे केला. पाळकसाहेब थांबले. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "बाप्तिस्मा झाला आहे का?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. भाकर मला मिळाली नाही. माझे कान तापले. जागेवर येईपर्यंत सगळे देऊळ माझ्याकडेच पाहते आहे असे वाटले.

बाहेर आल्यावर मी मित्रावर चिडलो. "तुमच्या देवाच्या पंगतीतून मला उठवलेस!" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्या पणजोबांना गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती. तू आमच्या वेदीपर्यंत आलास, आशीर्वाद घेतलास, आणि तुला वाईट वाटले?"

मला उत्तर सुचले नाही. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला आणि पंढरपूरचे दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, हे आम्ही परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो. त्या दाराबाहेर ज्यांचे घराणे उभे होते, तो शेजारच्या बाकावर बसतो, हे मात्र लक्षात येत नाही. ती भाकर दीक्षेची खूण आहे. दीक्षा न घेता ती मागणे हाच माझा उतावीळपणा होता. तरीही माझे एक म्हणणे उरतेच. आधी सांगायला काय हरकत होती? ज्याला घ्यायचे नाही त्याने जागेवर बसावे, किंवा छातीवर हातांची फुली करून जावे म्हणजे आशीर्वाद मिळतो, एवढी एक ओळ दारावर लिहिली तरी पुरे. घरच्यांना घराचे नियम इतके अंगवळणी पडलेले असतात, की पाहुण्याला ते ठाऊक नसतात हेच ते विसरतात.

उपासनेनंतर अंगणात चहा होता. घरी आल्यावर आईने विचारले, "तिथे काही खाल्लेस?" मी म्हणालो, "चहा आणि बिस्किट." कोपऱ्यातून आजोबा हसले. पुण्यातच १८९० साली पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे असाच चहा आला होता. गोपाळराव जोशी यांनी ती नावे वर्तमानपत्रात दिली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. "तुला काय देऊ या?" आजोबा म्हणाले. आई काही बोलली नाही. पण जेवायला वाढले.

येत्या गणेश चतुर्थीला मित्र आमच्याकडे येणार आहे. त्याने आधीच विचारून ठेवले आहे, की आरतीला उभा राहीन, पण प्रसाद घेता येणार नाही, तर चालेल का? मी आईला विचारले. नैवेद्य दाखवण्यापूर्वी आमच्या घरी कुणाच्याही हाताला मोदक लागत नाही. आई बराच वेळ नारळ खवत राहिली. मग म्हणाली, "त्याचे पाच मोदक मी आधीच बाजूला काढून ठेवीन."