तो सेक्शन मोजलाच नाही म्हणे!

गेल्या शनिवारी दुपारी भाचीचा फोन आला. सकाळी एसएटी देऊन आली होती. कशी गेली विचारलं तर म्हणते, "अरे मामा, मॅथ्सच्या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये दोन प्रश्न इतके भयानक होते ना, ते नक्की न मोजले जाणारे असणार. मी वेळच नाही घालवला. काहीतरी टिक केलं आणि पुढे गेले."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत डोक्यातून जाईना. कारण २००५ साली जीआरईच्या हॉलमध्ये जवळपास हेच वाक्य मी स्वतःला ऐकवलं होतं. त्याची गोष्ट पुढे सांगतो, आधी ही भानगड काय आहे ते बघू.

अमेरिकेतल्या या परीक्षांमध्ये काही प्रश्नांना मार्क नसतात. ते पुढच्या पेपरांसाठी पारखले जात असतात. प्रश्न किती अवघड आहे, हे तो काढणाऱ्यालाही खात्रीने सांगता येत नाही. हजारो पोरांनी सोडवला की कळतं. एरवी चांगले मार्क मिळवणारी पोरं एखाद्या प्रश्नात चुकतायत आणि बाकीची बरोबर सोडवतायत असं दिसलं, तर गडबड प्रश्नातच आहे. तो फेकून द्यायचा. आणि प्रश्नांचं वजन आधीच माहीत असलं की मार्चमधले ६५० आणि मेमधले ६५० यांची किंमत सारखी ठेवता येते. थोडक्यात काय, टेस्टिंग न करता कोड प्रॉडक्शनला ढकलायचा नाही.

फक्त ते प्रश्न कोणते हे सांगायचं नाही. सांगितलं तर कोण कशाला मन लावून सोडवेल? मग जमलेला सगळा डेटा कचरा.

आणि सांगत नाहीत म्हटलं की माणूस शोधणारच! २००५ ते जानेवारी २०१६ पर्यंतच्या एसएटीत दहा सेक्शन असायचे, त्यातला २५ मिनिटांचा एक न मोजला जाणारा. पावणेचार तासांच्या पेपरात तो कुठला, यावर परीक्षा संपल्या संपल्या पोरं डिटेक्टिव्हगिरी सुरू करायची. तुला रीडिंगचे किती सेक्शन आले? मला चार, तुला तीन? म्हणजे माझा एक खोटा. तुला अमुक विषयाचा उतारा होता का? नव्हता? मग तोच! जे सगळ्यांना आलं ते खरं, जे मोजक्यांना आलं ते प्रायोगिक. चक्क सेट इंटरसेक्शन. लॉजिक अगदी बरोबर, फक्त पेपर देऊन झाल्यावर त्याचा उपयोग शून्य.

हल्लीच्या डिजिटल एसएटीत तीही सोय राहिलेली नाही. एकूण ९८ प्रश्न, चार मॉड्यूल, आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये न मोजले जाणारे दोन प्रश्न बाकीच्यांत मिसळलेले. मॅथ्सच्या एका मॉड्यूलमध्ये २२ प्रश्न असतात. त्यातून दोनाच्या जोड्या होतात २३१. म्हणजे डोळे मिटून नेमकी जोडी पकडायची शक्यता २३१ मध्ये एक. "पण मामा, ते अवघड होते ना!" अगं, पारखायचे प्रश्न अवघडच असतात असं कुणी सांगितलं? त्यांना सोपेही पारखावे लागतात. शिवाय दुसरं मॉड्यूल पहिल्यातल्या कामगिरीवर ठरतं. पहिलं चांगलं गेलं की दुसरं अवघड येतं. म्हणजे ज्या प्रश्नांना घाबरून तिने सोडून दिलं, ते कदाचित तिच्याच हुशारीचं बक्षीस होते.

आता माझी गोष्ट. तेव्हाच्या जीआरईत व्हर्बलचा एक सेक्शन, ३० प्रश्न ३० मिनिटं, आणि क्वांटचा एक, २८ प्रश्न ४५ मिनिटं. त्यावर यातलाच कुठलातरी एक जादा, न मोजला जाणारा. इंजिनियर मंडळी देवाला साकडं घालायची की जादाचा क्वांट येऊ दे. मला व्हर्बल आला. बॅरन्सच्या साडेतीन हजार शब्दांच्या यादीशी चार महिने झटापट केलेली. पहिला व्हर्बल बरा गेला असं वाटलं. त्यामुळे दुसरा समोर आल्याबरोबर मी ठरवून टाकलं, हा डमी. खुर्चीत रेलून, अर्ध्या लक्षाने, वीस मिनिटांत उरकला.

शेवटी स्क्रीनवर स्कोअर आला. व्हर्बल ४३०. सराव परीक्षांपेक्षा शंभरेक कमी. ज्या युनिव्हर्सिटीवर डोळा होता तिथून नकार आला आणि एमएस राहिलं ते राहिलंच. पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा रंगवून सांगितला, 'ज्याला डमी समजलो तोच नेमका खरा निघाला!' लोक हसायचे, हळहळायचे. मलाही बरं वाटायचं.

पण मंडळी, तो खरा निघाला हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. कुठला सेक्शन मोजला हे स्कोअरबरोबर येत नाही. कदाचित पहिलाच मोजला असेल. मन लावून दिलेला, 'बरा गेलेला' सेक्शन, आणि माझी लायकीच ४३० ची असेल. ही शक्यता मी वीस वर्षं जवळसुद्धा येऊ दिली नाही. डमीचा अंदाज मला दोनदा कामी आला. परीक्षेत आळस करायला, आणि नंतर तोंड लपवायला.

म्हणून माझं मत असं की हे प्रश्न ओळखायचा खेळ दिसतो तितका निरुपद्रवी नाही. आपण कधीच म्हणत नाही की मला छान जमलेले दोन प्रश्न प्रायोगिक होते. जे जमत नाही तेच बरोबर 'न मोजलेलं' निघतं. हा अंदाज नाही, ही पळवाट आहे.

दुसरी बाजूही आहे. फी आपण भरायची आणि वर त्यांचे प्रश्न फुकटात तपासून द्यायचे? तक्रार रास्त आहे. पण आपल्या पेपरातले मोजले जाणारे प्रश्न आधीच्या पोरांनी असेच फुकटात तपासून दिलेले असतात. आणि न तपासण्याची किंमत आपण इकडे पाहिली आहे. २०१७ साली जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सदोष प्रश्नांपायी सगळ्यांना १८ बोनस मार्क द्यावे लागले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि काही दिवस प्रवेशच थांबले. तेव्हा तपासा, जरूर तपासा. पण आख्खा सेक्शन लादून पोरांना दमवू नका. जीआरईने सप्टेंबर २०२३ पासून तो जादा सेक्शन काढून टाकला, एसएटीने आठ प्रश्नांवर आणला. हे चांगलं झालं.

रविवारी भाचीला फोन करून हे सगळं सांगितलं, ४३० सकट. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मामा, तू तर नेहमी सांगतोस की तुझा खरा सेक्शन हुकला म्हणून."

म्हटलं, हो, सांगायचो.

"बरं," ती म्हणाली, "पुढच्या वेळी ९८ च्या ९८ सोडवते."

असो. चहा गार झाला. भेटू पुढच्या शनिवारी.