कॅम्पवरचं आकाश मोकळं नाही

बेळगावच्या कॅम्पमध्ये झाडांखालचे जुने बंगले टिपायला निघालेल्या पोराच्या पाठपिशवीत हल्ली ड्रोन असतो. पण इथेच मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, तिकडे सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र. गणपतीच्या मिरवणुकीवर पोलिसांचाच ड्रोन फिरत असेल, तर हौशी ड्रोनची तिथे लुडबुडच.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसचा वणवा विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला एका हौशी ड्रोनने भोक पाडलं. विमान सुखरूप उतरलं, पण ऐन आगीत दुरुस्तीला गेलं. ड्रोन चालवणाऱ्याला पुढे तुरुंगवास झाला.

आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे पट्टे पाडले. हिरव्यातही मर्यादा ४०० फुटांची. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून तो लाल पट्ट्यात चालतो असा सोयीस्कर अर्थ अनेकजण काढतात. तो चुकीचा आहे.

नुसता दंडुका मात्र पुरणार नाही. कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि पोलिसांनी या पट्ट्यांचा नकाशा कन्नड-मराठीत चौकाचौकांत लावावा, आणि हौशी मंडळींसाठी शहराबाहेर एक मैदान नेमून द्यावं.