नाव मोठे, वर्ग त्याहून मोठा!

दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे जमली, की चकलीच्या जोडीने हल्ली एक प्रश्न हमखास चघळला जातो : मुलाला इंजिनिअर होण्यासाठी अमेरिकेला धाडायचे, तर कोठे? उत्तर ठरलेलेच. ज्याचे नाव मोठे, तेथे! बर्कलीचे नाव निघाले की मामा मान डोलावतात, हार्वी मडचे नाव काढा, की आत्याबाई विचारतात, "हे कुठलं बाई?" आमचे म्हणणे असे, की पहिल्या पदवीपुरते पाहिले तर हा मान चुकीच्या दारी जातो आहे.

विद्यापीठ मोठे होते ते संशोधनाने. तेथे प्राध्यापकाची बढती आणि कीर्ती मुख्यतः त्याच्या शोधनिबंधांवर व त्याने मिळवलेल्या अनुदानावर ठरते. ह्यात वावगे काही नाही. संशोधन झालेच पाहिजे. पण ज्या कामाचे चीज होते त्यातच माणूस जीव ओततो, हा व्यवहार प्राध्यापकालाही सुटलेला नाही. मग पहिल्या वर्षाला शेकडो मुले एका सभागृहात बसून गणिताचे व्याख्यान ऐकतात आणि शंका घेऊन जातात ती पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे. गंमत अशी, की वही तपासणारा हा साहाय्यक कधी कधी आपल्याच सांगली-नाशिकहून शिकायला गेलेला असतो. चिरंजीवांनी सात समुद्र ओलांडावे, आणि गुरू भेटावा तो शेजारच्या आळीतला!

कोणी म्हणेल, "अहो, पण थोरांचा सहवास?" इलिनॉय विद्यापीठाचेच उदाहरण घेऊ. जॉन बार्डीन तेथे १९५१ साली आले. १९५६ आणि १९७२ असे दोनदा त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. त्यांचे शिष्य निक होलोन्याक ह्यांनी पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ साली तांबडा प्रकाश देणारा एलईडी दिवा सिद्ध केला. आज आपल्या दारी लुकलुकणाऱ्या माळा त्याच कुळातल्या. पण हे शिष्यत्व लाभले ते पीएच.डी.ला! होलोन्याकांनी पहिली पदवी घेतली १९५० साली, म्हणजे बार्डीन तेथे येण्यापूर्वीच. थोरांची सावली पडते ती वरच्या पायरीवर. खालच्या पायरीवरच्या मुलाला बहुधा त्यांची तसबीरच दिसते.

आता आत्याबाईंना ठाऊक नसलेले हार्वी मड पाहा. कॅलिफोर्नियातल्या क्लेरमाँट गावी १९५५ साली ते स्थापन झाले. विद्यार्थी सारे नऊशेच्या आसपास, आणि तेही पहिल्या पदवीचे. शिकवण्याचे ओझे ज्यांच्या माथी मारावे असे पदव्युत्तर विद्यार्थीच नाहीत. तेव्हा प्राध्यापकाला स्वतः खडू हाती घ्यावा लागतो. १९६३ पासून तेथे 'क्लिनिक' नावाचा परिपाठ आहे : एखादी कंपनी आपली खरीखुरी अडचण घेऊन येते आणि मुलांचा लहानसा गट वर्षभर ती सोडवीत बसतो. चुका करायच्या, पुन्हा मांडणी करायची आणि शेवटी गिऱ्हाइकापुढे जबाब द्यायचा. इंजिनिअर घडतो तो असा.

लहान ते सारे चांगले, असे मात्र आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पीक आले. ज्या महाविद्यालयात पुरते शिक्षकच नाहीत, तेथला लहान वर्ग हा गुण कसला? तो रिकामेपणा! शिवाय अणुभट्टीचेच शास्त्र शिकायचे, असा ज्याचा निश्चय पक्का, त्याने खुशाल मोठे विद्यापीठ गाठावे. लहान घरात एवढा पसारा मावत नाही.

पण अठराव्या वर्षी असा निश्चय किती मुलांचा असतो? बाकीच्यांना हवा असतो नावानिशी हाक मारणारा आणि चुकलेले गणित समोर बसून सोडवून घेणारा शिक्षक. म्हणून पालकहो, लाखांची रक्कम मोजण्यापूर्वी नामावळीतला क्रमांक बाजूला ठेवा आणि एवढेच विचारा : पहिल्या वर्षाला कोण शिकवतो? वर्गात मुले किती? आणि मुलाच्या हाती हत्यार पहिल्या वर्षी येते की चौथ्या? ह्याचे उत्तर जी संस्था सरळ देणार नाही, तिचे नाव कितीही मोठे असो, पोराला तेथे धाडू नका.