हत्ते, दांडा आणि घरची तालीम

२०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळांना कुलपे लागली आणि अनेक मध्यमवर्गीय घरांत धावण्याची, सायकलीची यंत्रे आली. आज त्यांपैकी कित्येकांवर टॉवेल वाळत घातलेले दिसतात. दोष यंत्राचा नाही आणि केवळ आळसाचाही नाही. आपल्या शरीराला कशाची उणीव आहे, याचा विचार न करता ही खरेदी झाली, हे त्याचे खरे कारण होय.

ही उणीव बळाची आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. देवपूजेला मांडी घालून बसलेल्या आईला उठताना जमिनीवर हात टेकावा लागतो, ही त्याची पहिली खूण. रोजचे फिरणे हृदयाला उपकारक आहे. पण त्याने ही घट भरून येत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढवणारा व्यायाम सांगितला आहे.

आपल्या तालमीला हे फार पूर्वीच उमगले होते. जोर म्हणजे लोटणे, बैठक म्हणजे उठणे-बसणे आणि मल्लखांब किंवा दोरी म्हणजे स्वतःचा भार पकडून वर ओढणे, अशी ही बळाची त्रिसूत्री होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये देशी व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवली. सदनिकेत राहायला आल्यावर आपण जोर-बैठका कशाबशा टिकवल्या. ओढण्याचा व्यायाम मात्र पार हरवला. जोर-बैठकांना जमीन पुरते, ओढायला हाताशी काहीतरी असावे लागते. म्हणून व्यायामाच्या साहित्यावरचा पहिला रुपया इथेच खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र दारात अडकवायचा दांडा घेताना सावध असावे. चौकटीची पट्टी भिंतीच्या पुढे आलेली असेल, अशाच दारांसाठी हे दांडे घडवलेले असतात. आपल्याकडील चौकट बहुधा गिलाव्याच्या पातळीला असते. टोके फिरवून ताणून बसवायचा दांडा केवळ घर्षणावर टिकतो, आणि चौकट वाळवीने पोखरलेली असेल तर तो दगा देणारच. त्यापेक्षा काँक्रीटच्या तुळईत बोल्टने पक्का केलेला दांडा उत्तम. नव्या इमारतींतील हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीवर तो लावू नये.

घरात झोपाळ्याच्या भक्कम कड्या असतील तर आणखी सोपा मार्ग आहे. त्यांना पट्ट्यांनी जिम्नॅस्टिक्सच्या लाकडी रिंगा टांगाव्यात. पाय जमिनीवर टेकवून, मागे रेलून छाती रिंगांकडे ओढावी. पाय पुढे सरकवले की व्यायाम कठीण होतो, मागे घेतले की सोपा. त्यामुळे आजोबा, सून आणि शाळकरी नातू एकाच साधनावर आपापल्या ताकदीप्रमाणे व्यायाम करू शकतात. कड्या गंजलेल्या नाहीत ना, हे आधी पाहावे. भार हळूहळू टाकून पाहावा. झोके घेऊ नयेत, कारण झोक्यासरशी कडीवरचा भार वजनाहून बराच वाढतो.

दुसरी वस्तू लाकडी हत्त्यांची जोडी. हत्त्यांवर जोर काढताना मनगट सरळ राहते आणि छाती अधिक खाली जाते. ते घेताना तळ रुंद आहे का, फरशीवर घसरत नाही ना आणि मूठ नीट बसते ना, एवढे पाहिले की पुरे. नवशिक्याने भिंतीवर, मग ओट्याच्या कडेला आणि त्यानंतर हत्त्यांवर यावे. बैठकांसाठी काहीच घ्यायला नको. गुडघे कुरकुरत असतील तर घरातली खुर्ची आहेच.

कोणतेही साधन घेताना तीन प्रश्न विचारावेत. घरातल्या किमान दोघांना ते उपयोगी पडेल का? बळ वाढेल तसा त्याच्यावरचा व्यायाम अवघड करता येईल का? ते दृष्टीसमोर राहील का? पलंगाखाली गेलेले साधन सहसा परत बाहेर येत नाही.

आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटे, श्वास न कोंडता एवढे केले तरी पुष्कळ. रक्तदाब वा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यात घरातील स्त्रियांना वगळू नये. उतारवयात हाडे ठिसूळ होण्याचा धोका त्यांनाच अधिक असतो आणि बळाचा व्यायाम हाडांनाही आधार देतो.

मुलांना व्यायामाचे महत्त्व सांगून पटत नाही, ते पाहून पटते. वडील रोज दांड्याला लोंबकळताना दिसले, तर मुलगा एक दिवस स्टूल ओढून आपणहून तिथे उभा राहील. घरची तालीम त्या दिवशी खऱ्या अर्थाने सुरू होईल.