राखणदाराची राखण

वस्तीवरील कुत्रा हा घरच्या माणसांतच मोजला जातो. रात्री तो जागा असतो म्हणून घरधनी निर्धास्त झोपतो. तथापि पिकासाठी तारेचे कुंपण आणि शेळ्यांसाठी गोठा यांची तजवीज करणारा शेतकरी या राखणदाराच्या संरक्षणाचा विचार क्वचितच करतो. अंगणातील खुंट्याला साखळी अडकविली की कर्तव्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले व संगमनेर या तालुक्यांत ही समजूत आता धोक्याची ठरली आहे.

धरणे व कालवे झाल्यावर या भागात ऊस वाढला आणि उसाच्या फडात बिबट्यास आडोसा मिळाला. बिबट्याची मादी पुष्कळदा तेथेच विते. या बिबट्याचे मुख्य भक्ष्य कोणते, याचा अभ्यास विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्याची विष्ठा तपासून केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी निघाला. साखळीला बांधलेल्या कुत्र्यास पळता येत नाही व नीट झुंजताही येत नाही. भुंकून तो आपला ठावठिकाणा मात्र सांगत राहतो. असा कुत्रा राखणदार न राहता आमिष होतो. शिवाय ओट्याजवळ एकदा भक्ष्य मिळालेला बिबट्या पुन्हा त्याच ओट्याकडे येण्याचा संभव असतो, आणि उन्हाळ्यात त्या ओट्यावर माणसे निजलेली असतात. म्हणून हा प्रश्न केवळ कुत्र्याचा नाही.

कुंपण निवडताना ते कोणास अडविण्यासाठी हवे, हे आधी ठरविले पाहिजे. कुत्र्याने बाहेर जाऊ नये हे एक काम आणि बिबट्याने आत येऊ नये हे दुसरे. एकाच कुंपणाकडून दोन्ही कामांची अपेक्षा केल्यामुळे पैसा खर्च होतो व कुत्राही जातो.

पहिल्या कामासाठी बहुतेक ठिकाणी काटेरी तार वापरली जाते, आणि नेमकी तीच या कामास सर्वांत निरुपयोगी आहे. गुराला ती अडविते; कुत्रा दोन तारांमधून अंग काढून जातो. जाताना कातडी फाटते, जखमेत किडे पडतात, आणि मग पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरावी लागते. बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांची वई त्यापेक्षा बरी व स्वस्त. परंतु तिला वाळवी लागते आणि ती वारंवार नवी घालावी लागते. सागरगोटा, करवंद किंवा घायपात यांचे जिवंत कुंपण वर्षानुवर्षे टिकते, मात्र ते दाट होईपर्यंत दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो व बुंध्याशी राहिलेल्या फटी काट्यांनी बुजवाव्या लागतात. शेराचे कुंपण अंगणालगत लावू नये. त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस इजा होते. कण्हेरही अंगणात नको, कारण तिचे सर्व भाग विषारी असतात.

ज्यास खर्च झेपेल त्याने अंगणापुरती पाच फूट उंचीची विणलेल्या तारेची जाळी घ्यावी. संपूर्ण शेताभोवती ती घालण्याचे कारण नाही. जाळीचा खालचा काठ फूटभर जमिनीत गाडावा, अथवा त्यावर आतील बाजूने मोठे दगड रचावेत. कुत्रा कुंपण ओलांडण्याऐवजी बहुधा ते खालून उकरतो. फाटकाखालची फट विसरली जाते आणि कुत्रा तेथूनच निसटतो. अशा अंगणात कुत्रा दिवसभर मोकळा राहू शकतो. रस्त्यावरील वाहने व पिसाळलेली कुत्री यांपासून त्याचा बचाव होतो. (कुंपण झाले म्हणून रेबीजची लस टोचण्यात हयगय करून चालणार नाही, हे वेगळे सांगावयास नको.)

हीच जाळी रात्री बिबट्यास अडवील, असे मात्र कोणीही समजू नये. तो झाडावर सहज चढणारा प्राणी आहे. पाच फुटांची उडी त्यास काहीच नाही. जाळी आठ फूट केली तरी वरून उघडी असेल तर भरवसा धरता येत नाही. म्हणून रात्रीसाठी छप्पर असलेली बंदिस्त खोली हाच उपाय होय. ती गोठ्याच्या भिंतीस लागून बांधली तर एक भिंत वाचते. भिंती कुत्र्याच्या डोक्याहून उंच व भरीव असाव्यात, कारण खाली जाळी ठेवल्यास पंजा आत येतो. त्यावर वाऱ्यासाठी मजबूत जाळी छपरापर्यंत न्यावी. पत्र्याच्या छपरावर उन्हाळ्यात पाचट पसरावे. दारास बाहेरून सरकवावयाची कडी असावी.

कुत्रा कोंडला तर राखण कोण करणार, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुतः कुत्रा राखण करतो ती कानाने व नाकाने. फाटकाच्या दिशेस तोंड असलेल्या खोलीतूनही त्यास चाहूल लागते व तो भुंकतो; घरधनी जागा होतो आणि कुत्राही जिवंत राहतो. त्याचे भुंकणे ऐकून एकट्याने अंधारात धावू नये, आधी दिवा लावून आतूनच आवाज करावा.

बिबट्याच्या भीतीने काही जण कुंपणाच्या तारेत विजेच्या लाइनचा प्रवाह थेट सोडतात. या प्रकाराचा निषेध करावा तेवढा थोडा आहे. असा प्रवाह सोडणे बेकायदेशीर असून त्यात माणसे, गुरे व ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तो कुत्राही मरतो. झटका यंत्र ही निराळी वस्तू आहे. ते क्षणभराचे झटके थांबून थांबून देते. तरीही त्याची जागा शेताच्या बांधावर आहे, मुले खेळतात त्या अंगणात नाही.

ग्रामसेवकांनी वस्तीस भेट देताना कुंपणाची उंची मोजण्याआधी रात्री कुत्रा कोठे असतो हे विचारावे. घरापासून उसाच्या फडाचे अंतर किती, मधले रान साफ आहे की गवताने भरले आहे, हेही पाहावे. खोली बांधली असेल तर तिचे दार दिवेलागणीस कोण लावते, याची चौकशी करावी. हे काम घरातील एकाच माणसाकडे नेमून दिलेले बरे. पुष्कळ वस्त्यांवर अशा खोल्या बांधलेल्या दिसतात, पण त्यांत सरपण भरलेले असते आणि कुत्रा बाहेर खुंट्यालाच असतो.