दोघेही उमेदवार

तालुक्याच्या गावी नवराबायकोने मिळून घराबाहेर पडावयाचे म्हणजे त्यास काही सबळ कारण असावे लागते, आणि ती कारणे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहेत: भावकीतील लग्न, कुलदैवताची जत्रा, साताऱ्याचा दवाखाना, दिवाळीचा कपडा आणि कोणाचे तरी दहावे. यांपैकी एकही निमित्त नसता एखादे उतारवयाकडे झुकलेले जोडपे सकाळच्या प्रहरी कोरेगावच्या एसटी स्टँडवर उभे दिसले, की ओळखीचा मनुष्य 'काय, कोणीकडे?' म्हणून विचारतो. आणि 'काही नाही, सहज' एवढेच उत्तर मिळाले तर त्याच्या मुद्रेवर जो संशय उमटतो, तो वाटणीच्या तंट्याचा सुगावा लागलेल्या तलाठ्याच्या मुद्रेवरही उमटत नसेल.

वस्तुतः संशय यावा असे त्यात काही नाही; उलट इतकी वर्षे ही दोघे 'सहज' म्हणून कोठे गेलीच नाहीत, याचेच आश्चर्य वाटावयास हवे. आमच्याकडील संसारात लग्नानंतर दोन-चार वर्षांतच एक अलिखित खातेवाटप होऊन जाते. दूध, किराणा, पाहुणे, लेकीसुनांची बाळंतपणे आणि सणावारांचा सारा जाबता हा मुलूख पत्नीच्या अमलाखाली जातो. वीजबिल, बँक, सोसायटीचे कर्ज, ऊस आणि सरकारदरबार ही खाती पतीच्या दप्तरी दाखल होतात. आणि हा तह एकदा कायम झाला म्हणजे दोघेही आपापल्या मुलखात इतके मुरब्बी होतात, की एकाने दुसऱ्याच्या खात्यात नुसते डोकावले तरी 'तुम्हाला त्यातलं काय कळतंय?' किंवा 'तू मधे पडू नकोस' यांपैकी एक हुकूम तत्काळ सुटतो. अशा संसारात कलह असतो असे नाही. पण दोन तज्ज्ञ एका छपराखाली राहात असून त्यांपैकी कोणीही कोणाला शिकताना पाहिलेले नसते. नव्या अनुभवाचे जे महत्त्व मला वाटते ते एवढ्यासाठीच, की जेथे दोघांपैकी कोणाचाच अधिकार चालत नाही अशा ठिकाणी दोघेही एकदमच उमेदवार होतात. आणि मनुष्य उमेदवारीत असताना जसा दिसतो तसा तो मुखत्यारीत कधीच दिसत नाही.

याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच वाङ्मयात आहे. १८८६ साली हिंदुस्थान सरकारच्या फायनान्स कमिटीवर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली आणि त्या निमित्ताने पत्नी रमाबाईंसह त्यांचा मुक्काम कलकत्त्यास पडला. रमाबाईंचे लग्न १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी झालेले. त्यांना अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत सारे काही पतीनेच शिकविलेले. म्हणजे या घरात गुरू कोण आणि शिष्य कोण हा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला होता. कलकत्त्यास मात्र बंगाली भाषा दोघांनाही सारखीच अपरिचित होती. रानड्यांनी स्वतः पुस्तके आणून अभ्यास आरंभिला आणि अडलेले शब्द ते दाढी करावयास येणाऱ्या न्हाव्याला विचारू लागले, ही हकीकत रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत दिली आहे. पुढे त्या बंगाली वाचू लागल्या हे खरे, पण मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की ज्या पुरुषाला सारे पुणे गुरुस्थानी मानीत होते तो अर्ध्या दाढीला साबण लावून शब्दांसाठी अडलेला, त्याच्या पत्नीला या एका मुक्कामात पाहावयास मिळाला. पुण्यात राहून हे घडले नसते.

अलीकडे शास्त्रज्ञांनीही या गोष्टीत लक्ष घातले आहे. आर्थर ॲरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विवाहित जोडप्यांच्या एका गटाने दर आठवड्यास दीड तास नुसत्या सुखावह गोष्टी करावयाच्या आणि दुसऱ्याने काही नवे, थोडे थरारक करावयाचे, असे दहा आठवडे चालले. समाधान वाढले ते दुसऱ्या गटाचे. पुढे त्यांनी नवराबायकोची मनगटे व घोटे एकत्र बांधून, हात व दात न लावता, एक लोडासारखी उशी त्यांच्याकडून अडथळ्यापलीकडे नेववली. उसाचे बिल कारखान्यातून वेळेवर आणणे हे काम याच जातीचे असून ते आमच्याकडील जोडपी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून करीत आली आहेत. पण तो विषय निराळा.

आमच्या घरी या प्रकरणाची सुरुवात कल्याणगडापासून झाली. कोरेगावहून सातारारोडकडे जाताना जो डोंगर जन्मभर दिसत होता, त्याच्यावर जाण्याची तजवीज जन्मभरात झाली नव्हती. पायथ्याच्या गावावरून त्याला नांदगिरी असेही म्हणतात, आणि एवढेच आमचे ज्ञान. गड फारसा अवघड नाही. अवघड आहे ती पहिल्या दरवाजातून आत गेल्यावर खाली उतरणाऱ्या पायऱ्यांच्या शेवटी असलेली, खडकात कोरलेली, अंधारी आणि पाण्याने भरलेली लांबट गुहा. तोंडाशी गुडघ्याएवढे वाटणारे पाणी पुढे वर चढू लागते, पायाखालचा दगड बुळबुळीत, बाजूस आधाराला लोखंडी कठडा, आणि चार पावलांतच मागचा उजेड असा काही नाहीसा होतो की मोबाइलच्या दिव्याने फक्त स्वतःचाच हात दिसावा. पत्नीने ओचा खोचला, एका हातात चपला घेतल्या आणि दुसऱ्याने कठडा धरला. मी पुढे होतो, आणि पाणी इतके गार होते की मी नेहमीप्रमाणे गप्प झालो.

'अहो, बोलत राहा. कुठं आहात ते कळायला नको?'

'काय बोलू?'

'काहीही बोला. पायाखाली काय लागतंय ते सांगा.'

वीजबिल आणि पाहुण्यांचे येणे-जाणे यांपलीकडे संभाषणाची सवय मोडलेल्या मनुष्यास असे फर्मान सुटले म्हणजे त्याची जी तारांबळ उडते, तिचे वर्णन करण्याची गरज नाही. 'इथे खळगा', 'इथे दगड उंच', 'आता मांडीपर्यंत आले' अशी पावलागणिक बातमी देत मी पुढे सरकत होतो आणि मागून 'हं', 'हं' असे हुंकार येत होते. गुहेच्या शेवटी दत्तात्रेयाची आणि पार्श्वनाथाची मूर्ती आहे, तेथे पोहोचेपर्यंत मी सबंध वाटेचा पंचनामा तोंडी सांगितला होता. परततेवेळी ती पुढे झाली. तिचे वर्णन माझ्याहून तपशीलवार होते, आणि त्यात सूचना अधिक होत्या, पण उमेदवारीत एवढे चालावयाचेच.

औंधास गेलो तेव्हा पाण्याचा प्रश्न नव्हता. रहिमतपूरवरून औंधचा रस्ता सर्वांच्या पायाखालचा आहे, यमाईचे दर्शनही नवे नाही. पण त्याच टेकडीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात देवीला जाणारी किती माणसे पाऊल टाकतात? स्वतः चित्रकार असलेल्या, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या आणि रयतेला राज्यघटना देऊन आपले अधिकार आपण होऊन सोडणाऱ्या या राजाने आपल्या दोन-चार तालुक्यांएवढ्या संस्थानात जे जमविले, ते पाहताना मोठ्या शहरांतील संग्रहालयांत असतो तसा दबाव येत नाही. तेथे हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराची दगडात घडविलेली माता आणि बालक यांची मूर्ती आहे. तिच्यासमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. काय म्हणावे हे मला सुचेना. पत्नीने एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून पाहिले आणि म्हणाली, 'हे बाळ अजून पुरतं वेगळं झालेलं नाही.' मूरवरील ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण त्यांत याहून नेमके काही असेल तर ते मला आवडेल. ही बाई इतकी वर्षे माझ्या घरात भाजी चांगली निवडते अशी ख्याती पावून राहिली होती.

सर्वच नवे प्रयोग मला सारखे वाटत नाहीत. कास पठारावर फुलांच्या दिवसांत जावे, पश्चिम घाटाचा तो भाग २०१२ पासून जागतिक वारशात गणला जातो हे खरेच. पण रविवारी तेथे फुलांपेक्षा छायाचित्रे अधिक फुलतात आणि नवराबायकोचा बहुतेक वेळ गाडी कोठे लावावी यावर एकमत होण्यात जातो. पाचगणीस छत्रीने आकाशात उडण्याची सोय झाली आहे, परंतु त्यात नवशिक्याला शिकलेल्या चालकाशी बांधतात, म्हणजे पती एका परक्या मनुष्याबरोबर आणि पत्नी दुसऱ्या परक्या मनुष्याबरोबर उडते. यास जोडीचा अनुभव कसे म्हणावे हे मला समजलेले नाही. भिलारचे पुस्तकांचे गाव, २०१७ पासून चालू असलेले, बरे. पण दोघांना दोन निराळी पुस्तके सापडली तर दिवस अगदी शांततेत जातो, म्हणजे घरच्यासारखाच. जरंडेश्वराचा डोंगर श्रावणातल्या शनिवारी चढावा तर गावातील निम्मी माणसे वाटेत भेटतात आणि 'सहज' आलो हे म्हणण्याचीही मुभा राहात नाही.

यंदा आम्ही पुन्हा औंधास जाणार आहोत, पण निराळ्या कामासाठी. गायक अंतूबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली तेथे संगीतोत्सव सुरू केला, त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांनी तो पुढे चालविला, आणि आश्विन वद्य पंचमीस तो अजूनही भरतो. रागदारीतले आम्हा उभयतांस काहीही कळत नाही, म्हणूनच जाण्याचे ठरले आहे. ज्यांस कळते अशा वाचकांपैकी कोणी तेथे भेटल्यास त्यांनी आमच्या शेजारी अवश्य बसावे, परंतु राग कोणता चालला आहे हे समजावून सांगण्याची तसदी घेऊ नये, एवढी विनंती आहे.